डॅशबोर्डच्या पोटातला पिवळा चिखल

१

मिर्वाने कागद टेबलावर ठेवला. इर्या टोर्मानेनने चष्मा लावून तळाचा आकडा वाचला, आणि हातातला वेलचीचा बन कॉफीत तसाच बुडून राहिला. दोन हजार तीनशे दहा युरो.

"हे गाडीचं आहे की घराच्या छपराचं?" इर्याने विचारलं.

"गाडीच्या हीटरचं," मिर्वा म्हणाली. "नोव्हेंबरात एक हजार आठशे ऐंशी मोजले, मावशी. हाच हीटर, हेच काम. आता पुन्हा. आणि हे खाली बघ, एसीचा गॅस. बाहेर उणे अठ्ठावीस आहे आणि तो गॅरेजवाला रैवो माझ्याकडे एसीच्या गॅसचे पैसे मागतोय. याला चोरी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

इर्याने एकतीस वर्षं कूसामोच्या तपासणी केंद्रात गाड्या पास-नापास करण्यात घालवली होती. सख्ख्या भावाची गाडी तिने दोनदा नापास केली. तो विषय भाऊ अजून दर नाताळला काढतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गावात गाडीवरून भांडण झालं की लोक तिच्याच स्वयंपाकघरात येऊन बसायचे. पण मिर्वाचं तसं नव्हतं. ती साईमीची मुलगी, आणि साईमी म्हणजे इर्याची शाळेपासूनची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून मिर्वा नोकरी आणि म्हातारा बाप दोन्ही सांभाळत होती.

"नीट सांग. मंगळवारी काय झालं?"

"पहाटे सहाला निघाले. नव्या नोकरीसाठी ओउलू शहरात खोली ठरवायची होती. गाडी आतून छान गरम होती, काच स्वच्छ. वीस-पंचवीस किलोमीटर गेले आणि पाय गार पडायला लागले. मग काचेवर आतून बर्फ धरायला लागला. पंखा फुल्ल, तर नुसती गार हवा. मी एका हाताने काच खरवडत होते. शेवटी खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं, तर समोर लाकडांचा ट्रक."

तिने कॉफीचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"त्याने हॉर्न दिला म्हणून वाचले. मी कडेच्या बर्फात घुसले, आणि माझा आरसा त्याला लागून गेला."

इर्याने मनातच अंतर मोजलं. आरसा लागून गेला म्हणजे वीतभर अंतर राहिलं असेल. तिने बिलाचा कागद उलटा करून ठेवला.

"सोमवारी मला हजर व्हायचंय," मिर्वा म्हणाली. "किनाऱ्यावरच्या खेड्यांतून घरोघरी जाऊन रुग्ण बघायचे, स्वतःची गाडी ही अट. नोव्हेंबरात गाडी बिघडली म्हणून त्यांनी एकदा तारीख पुढे ढकलली. आता नाही ढकलणार, तसं स्पष्ट लिहिलंय. मी एकेचाळीस वर्षांची आहे, मावशी. अशी जागा मला पुन्हा कोण देणार?"

"रैवो काय म्हणतो? दोन महिन्यांपूर्वीचं काम, गॅरंटी असेल ना."

"म्हणतो, गॅरंटी लागू नाही. हीटरच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी घातलंय, म्हणे." मिर्वाने मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते. "तू जाऊन बघ. तो चोर असेल तर मला सांग. आणि तो चोर नसेल, तर कुणीतरी मुद्दाम माझ्या मागे लागलंय."

२

रैवो एस्टोनियाचा. सहा वर्षांपूर्वी बंद पडलेलं गॅरेज त्याने भाड्याने घेतलं. काम चांगलं करतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तो बाहेरचा आहे हे सगळ्यांना त्याहून जास्त माहीत होतं. गुरुवारी सकाळी गॅरेजच्या कॉफीच्या टेबलाशी एक चिटपाखरू नव्हतं. एरवी तिथे चार म्हातारे हमखास असायचे.

"बघा, इर्याबाई, मी आता कुणाला काही समजावत नाही," तो म्हणाला. "तुम्हीच बघा."

मिर्वाची स्टेशन वॅगन लिफ्टवर होती. डॅशबोर्ड अख्खा काढून बाकावर ठेवलेला, वायरी लोंबत होत्या. तो उतरवायलाच दिवस जातो, आणि बिलातले निम्म्याहून जास्त पैसे तिथेच जातात. हीटरचा भाग म्हणाल तर पावाच्या लादीएवढा.

"एसीचा गॅस कशाला लावलास?" इर्याने विचारलं, खरं तर उत्तर तिला दिसतच होतं.

"दोन्हींची पेटी एकच. हीटर बाहेर काढायचा तर एसीच्या नळ्या सोडाव्याच लागतात. त्या सोडायच्या म्हणजे गॅस काढून घ्यायचा, नंतर नवा भरायचा. तसाच हवेत सोडला तर मला दंड होईल."

"बरोबर आहे." इर्याने त्याच्याकडे बघून मान हलवली. "हे तू मिर्वाला सांगायला हवं होतंस."

"तिने कागद बघितला आणि मला चोर म्हणाली. मग मी गप्प बसलो."

त्याने तिला इंजिनापाशी नेलं. पाण्याच्या टाकीचं झाकण दाखवलं. झाकणावर पांढऱ्या रंगाची रेघ होती आणि टाकीच्या गळ्यावरही.

"प्रत्येक झाकण, प्रत्येक नट घट्ट केला की मी वरून खालपर्यंत एक रेघ मारतो. नोव्हेंबरात मारली होती. आता बघा."

दोन रेघा जुळत नव्हत्या. मध्ये बोटभर अंतर होतं. कुणीतरी झाकण उघडलं होतं आणि पुन्हा लावताना त्याच्या लक्षात रेघ आलीच नव्हती. रैवोने स्वतः उघडलं असतं तर त्याने पहिल्यांदा रेघ जुळवली असती. मुद्दाम न जुळवून त्याचाच धंदा बुडाला असता, आणि बुडतच होता.

"आता हे," रैवो म्हणाला.

त्याने हीटरचा काढलेला भाग करवतीने उभा कापला होता. आतल्या बारीक नळ्या पिवळट-तपकिरी चिखलाने गच्च भरल्या होत्या. इर्याने इतक्या वर्षांत गंज पाहिला होता, तेल पाहिलं होतं, एकदा तर मेलेला उंदीर पाहिला होता. असला चिखल पाहिला नव्हता.

"कॉफीचा फिल्टर आण," ती म्हणाली.

चिमूटभर चिखल फिल्टरवर घेऊन तिने गरम पाण्याने धुतला. खाली कागदावर बारीक बारीक सालं राहिली. मग तिने झाकणाच्या आट्यांत बोट फिरवलं. तिथे थोडी कोरडी पूड अडकली होती. तिने ती ओल्या अंगठ्याने चोळली आणि नाकाशी नेली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय आहे?" रैवोने विचारलं.

"मोहरी," इर्या म्हणाली. "गाडीच्या पोटात कुणीतरी मोहरीची पूड घातली आहे."

३

लाकडांचे ट्रक चालवणाऱ्या जुन्या लोकांचा तो उपाय. रेडिएटरला बारीक भोक पडलं, आणि गॅरेज दीडशे किलोमीटरवर असलं, की दोन चमचे मोहरीची पूड टाकायची. ती गरम पाण्यात फुगते आणि भोक बुजवते. त्या काळच्या गाड्यांच्या नळ्या अंगठ्याएवढ्या असायच्या, त्यामुळे चालून जायचं. आताच्या हीटरच्या नळ्या स्वयंपाकातल्या गाळणीसारख्या. पाणी तापलं की एका फेरीत सगळं बंद.

एका फेरीत. इर्या आपल्या गाडीत येऊन बसली आणि हाच शब्द धरून विचार करू लागली. सोमवारी संध्याकाळी मिर्वा कामावरून घरी आली तेव्हा हीटर चालू होता. मंगळवारी पहाटे तो मेलेला होता. म्हणजे पूड पडली ती त्या एका रात्रीत, गाडी अंगणात उभी असताना. गाडीला कुलूप, आणि बॉनेट आतून उघडायचं. मिर्वाची किल्ली मिर्वाकडे.

दुसरी किल्ली कोणाकोणाच्या हातात गेली होती? एक नाव तिला माहीत होतं. तार्मो. गावातलं दुकान त्याचं, पेट्रोलचा पंप त्याचा, आणि जुन्या गाड्या घेऊन विकायचा जोडधंदाही त्याचाच. त्याचा बाप ट्रकवाला होता.

"मिर्वाची गाडी?" तार्मो काउंटरच्या मागून हसला. "सहाशे देतो म्हणालो मी तिला. आता दुरुस्तीलाच गाडीच्या किमतीएवढे पैसे लागणार म्हटल्यावर सहाशे काय वाईट आहेत?"

"ती गाडी बिघडली की तुझा फायदा."

"हिवाळ्यात अख्ख्या जिल्ह्याची गाडी बिघडते आणि माझा फायदा होतो. तू माझ्यावर आळ घ्यायला आलीस का?"

"जानेवारीत तू तिची बॅटरी बदललीस. किल्ली तुझ्याकडे होती."

"दहा तारखेला. त्याच संध्याकाळी परत दिली, तिच्या बापाच्या हातात." तार्मोचं हसू मावळलं. "मंगळवारी बर्फातून गाडी ओढून आणली ती मीच. ट्रकवाल्याला उलटी झाली होती तिथे रस्त्यावर. त्याला वाटलं होतं, बाई मेली. मी असलं करीन असं वाटतं तुला?"

इर्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. दहा तारखेनंतर मिर्वाने दोन आठवडे गाडी चालवली होती आणि हीटर व्यवस्थित होता. तार्मो लोभी होता, पण हिशोबात बसत नव्हता.

"मोहरीची पूड ठेवतोस का?" तिने विचारलं.

"नाताळला ठेवतो. हॅमबरोबरची मोहरी अजून काही घरांत घरी करतात." तो मागच्या फळीकडे वळला. "जानेवारीत कोण घेतंय? उरल्या होत्या त्या दोन पुड्या मागच्या आठवड्यात गेल्या. मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, साईमी गेल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात कुणी काही करतंय."

इर्याचे हातमोजे काउंटरवर होते. ते उचलायचं तिला सुचेना.

"कुणी घेतल्या?"

"ओइवाने," तार्मो म्हणाला. "मिर्वाच्या वडिलांनी."

४

पहिल्या धक्क्यानंतर इर्याला हसूच आलं, आणि हसता हसता वाईटही वाटलं. ओइवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्यातली पस्तीस वर्षं लाकडांचे ट्रक चालवले. म्हाताऱ्याला कुठेतरी पाण्याचा थेंब दिसला असेल, पोरीला खर्च नको म्हणून जुना उपाय केला असेल. मायेपोटी दोन हजार युरोंचा खड्डा. सांगताना लाजेने मरेल बिचारा, पण निदान गावात चोर कोणी नाही.

ही बातमी आधी रैवोला द्यावी, असं तिला वाटलं. त्याच्यावर उगीच आळ आला होता.

रैवोने सगळं ऐकून घेतलं. तो हसला नाही. हातातल्या फडक्याची त्याने दोनदा घडी केली.

"नोव्हेंबरात गाडी न्यायला ओइवाच आले होते," तो म्हणाला. "मिर्वा ड्यूटीवर होती."

"मग?"

"तेव्हाही मी जुना हीटर कापून ठेवला होता. असाच चिखल, पण थोडा. ती मोहरी आहे हे मला कळलं नव्हतं. मी त्यांच्या हातात दिला. म्हटलं, पाण्यात काहीतरी पडलंय, पुन्हा असं काही पडलं तर हा हीटरही जाईल, पुन्हा सगळं उघडावं लागेल, पुन्हा एवढाच खर्च. ते कितीतरी वेळ बघत बसले. मिर्वाला सांगा म्हटलं, तर मान हलवली."

"तिला त्याने काहीच सांगितलं नाही," इर्या म्हणाली.

"मग त्यांनी एकच विचारलं. भाग यायला किती दिवस लागले म्हणून. मी म्हटलं, तीन आठवडे."

पहिल्या वेळी ओइवाला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि दोन चमचे नाही, दोन पुड्या विकत घेतल्या होत्या.

नोव्हेंबरचं बिल तिने फाईलमधून काढायला लावलं. तळाला एक छोटी नोंद होती: गळकी नळी बदलली. म्हणजे तेव्हा खरंच गळत होतं.

"आता गाडीत कुठे गळती आहे?"

"थेंबभरसुद्धा नाही," रैवो म्हणाला. "सगळं मी दोनदा तपासलंय."

५

ओइवाच्या स्वयंपाकघरात मिर्वा भांडी पुसत होती. ओइवा खिडकीपाशी बसला होता, जिथून अंगण आणि अंगणातला, उभी गाडी तापवायचा विजेचा खांब दिसतो. गाडी नव्हती, खांबाची वायर नुसतीच गुंडाळून टांगलेली होती.

"बस, इर्या. कॉफी घे," तो म्हणाला.

"नको." इर्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कॉफीला नाही म्हटलं, आणि ते दोघांनाही कळलं. मिर्वाने फडकं खाली ठेवलं.

"ओइवा, मंगळवारी पहाटे गाडीला खांबाची वायर कुणी लावली?"

"मीच. चार वाजता." त्याच्या आवाजात जरासा अभिमान होता. "रोज मीच लावतो. उणे एकतीस होतं. इंजिन तापतं, आतला पंखा आतली हवा तापवतो. पोरीने गार सीटवर का बसायचं?"

"आणि मोहरी कधी घातलीस?"

ओइवाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"कसली मोहरी?" मिर्वाने विचारलं. "बाबा, ही कसली मोहरी म्हणतेय?"

"नोव्हेंबरात गळत होतं," तो म्हणाला. "खरंच गळत होतं. मी दोन चमचे घातले. जुनी सवय."

"ते मला मान्य आहे," इर्या म्हणाली. "नळी बदलल्याचं बिलात आहे. त्यात तुझी काही चूक नाही. जानेवारीत काय गळत होतं?"

मिर्वा आधी इर्याकडे बघत होती, मग बापाकडे.

"काही नाही," ओइवा म्हणाला.

"बाबा."

"तीन आठवडे मिळतील वाटलं. नोव्हेंबरात मिळाले होते." तो आता टेबलाशी बोलत होता. "तेव्हा तू घरी होतीस. संध्याकाळी दोघं जेवायचो. तू म्हणालीस, ते ओउलूचं राहिलंच बहुतेक. मला बरं वाटलं होतं, मिर्वा. खोटं कशाला सांगू? मग त्यांनी नवी तारीख दिली."

"मी मेले असते." मिर्वाचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी समोरून ट्रक येताना बघितला. तुला माहीत होतं, गाडीत हीटर नाही, आणि तू मला त्या रस्त्यावर जाऊ दिलंस?"

"नाही." म्हातारा पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "रस्त्यावर नाही. हीटर नसला की काच फाटकापाशीच गोठते. उणे एकतीसला दोन मिनिटं लागत नाहीत. तू फाटकातूनच परत येशील असं मी धरलं होतं. मी कॉफीसुद्धा ठेवली होती. तू आली नाहीस. मग मला वाटलं, कमी पडली पूड."

चूक कुठे झाली ते इर्याला आधीच कळलं होतं, आणि ते बोलून दाखवावं लागू नये असं तिला फार वाटत होतं. पण आयुष्यभर तिने दोष दिसला की सांगितला होता.

"गार गाडीची काच फाटकापाशी गोठते, ओइवा," ती म्हणाली. "तू चार वाजता उठून गाडी तापवलीस. दोन तास. इंजिन तापलेलं, सीट तापलेली, काच कोरडी. ती ऊब वीस किलोमीटर पुरली. तू वायर लावली नसतीस, तर ती अंगणातूनच परत आली असती."

ओइवाला ते लगेच कळलं नाही. त्याचे ओठ हलले, जणू तो वेळ मोजत होता. मग त्याचा चेहरा असा उतरला की इर्याने नजर फिरवली.

"मी तर," तो म्हणाला, "तुला थंडी वाजू नये म्हणून."

मिर्वा खुर्चीवर बसली. ती रडली नाही, ओरडली नाही. बापाच्या समोर बसून तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस आत्ताच कुठून तरी आत आला होता.

"तू मला थांबशील का म्हणून विचारलंसुद्धा नाहीस," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"कसं विचारणार?"

"तोंडाने," मिर्वा म्हणाली. मग तिने खुंटीवरचा कोट घेतला. "मावशी, आज मी तुझ्याकडे झोपते."

६

शनिवारी सकाळी रैवोच्या कॉफीच्या टेबलाशी चारांपैकी तिघे म्हातारे परत आले होते, कारण गावात बातमी कशी ना कशी पसरतेच. ओइवा आत आला, टोपी काढून उभा राहिला. बसला नाही.

"रैवोने काही केलेलं नाही," तो म्हणाला. "मी केलं. पोरगी जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या पाण्यात मोहरी घातली. दुरुस्तीचे पैसे मी देणार आहे, दोन्ही वेळचे."

एकाच्या हातातला कप बशीवर आपटला. एवढं लांब बोलणं ओइवाच्या तोंडून तिघांनी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते हे. रैवोने त्याच्यापुढे कप ठेवला. ओइवाने तो घेतला नाही, मान हलवून बाहेर पडला.

भाग यायला तीन आठवडेच लागणार होते. इर्याने आपल्या छोट्या लाल गाडीची किल्ली मिर्वाला दिली. निवृत्त बाईला दुकानापर्यंत जायला बर्फावरची पायाने ढकलायची घसरगाडी पुरते, असं म्हणून तिने मिर्वाचं नको-नको मोडून काढलं.

रविवारी दुपारी उजेड असतानाच मिर्वा बापाच्या घरून सामान घेऊन निघाली; इर्या निरोप द्यायला आली होती. ओइवा फाटकापाशी आला होता, पण फाटकाच्या आत थांबला. तिने काच खाली केली.

"हीटर तपासलास?" त्याने विचारलं.

"मावशीने तपासला," ती म्हणाली. एवढंच. काच वर गेली.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी दोघं उभी होती. ओइवाच्या पापण्यांवर बर्फ धरला होता, तो पुसत नव्हता.

"परत येईल ना ती?" त्याने विचारलं.

इर्याला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी ते यावं असं तिला मनापासून वाटलं.

"गाडी परत करायला येईल," ती म्हणाली. "तुझ्याकडे येईल का, ते मला माहीत नाही. ते तुला तिला विचारावं लागेल, ओइवा. तिला तिथे पोहोचू दे, आठवडाभर जाऊ दे, मग फोन उचल आणि विचार. आणि ती नाही म्हणाली, तर ऐकून घे."

ओइवाने मान हलवली. मग तो घराकडे वळला, आणि इर्या त्याच्या मागे गेली नाही.